भिंती पाडणारा साडू

माझ्या साडूने देवाला जेवढा त्रास दिला, तेवढा अख्ख्या परभणी जिल्ह्यात कुणा नास्तिकानेही दिला नसेल. हे मी रागाने बोलतोय, आणि का बोलू नये? वीस वर्षं मी आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवत आलो होतो, भक्ताला सुखाची डुलकी लागेल अशा सोज्वळ सुरात. आणि हा माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, खांबांवर चढून विजेच्या तारा जोडणारा लाइनमन, एक दिवस घरी येऊन मला सांगतो, "मास्तर, देवासंगं लय हळू बोलायलाव तुमी."

झालं होतं असं की, मुंबईच्या आत्तेभावाने त्याला हेवी मेटल नावाच्या संगीताची एक कॅसेट दिली होती. तीत गोरी, केसाळ पोरं गिटारी बडवत किंचाळत होती. शहाण्या माणसाने टेप बंद केला असता. याला वाटलं, स्तोत्रं अशीच गायला हवीत! त्याने कुठून तरी जुनी गिटार पैदा केली, तिच्या पोटात टेलिफोनच्या रिसीव्हरचे अवयव बसवले आणि ती मांडवातल्या एका फाटक्या कर्ण्याला जोडली. चांगला कर्णा का नको, तर म्हणे, "त्यातून आवाज लय साफ येतोय." मग यात सगळ्या जगाचं संगीत आलं पाहिजे, अशी टूम निघाली. साडूचं जग पाथरीला सुरू होऊन जिंतूरला संपायचं. जिंतूरकडच्या तांड्यावरच्या बंजारा बायका येऊन थाळी वाजवून गेल्या. पाथरीचा एक म्हातारा कव्वाल टाळ्या द्यायला आला आणि टाळ्यांपेक्षा माझ्या बायकोच्या हातच्या रश्श्याचीच जास्त तारीफ करून गेला. तालमी आमच्या परसात! साडूचा स्वतःचा आवाज असा की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली, ती दोन दिवस सापडली नाही. कॅसेटचं नाव ठेवलं 'भिंती पडल्या', कारण पवित्र शास्त्रात नुसत्या आवाजाने यरीहो शहराच्या भिंती पडल्या. यरीहोचं मला माहीत नाही, आमच्या न्हाणीघराचा गिलावा मात्र पडला. मी भांडायला गेलो तर म्हणतो, "झांजा वाजवा म्हणून लिवलंय. हळू वाजवा, असं कुठं लिवलंय, दाखवा की!" मी रात्री शास्त्र चाळलं तर 'मोठ्याने वाजणाऱ्या झांजा' निघाल्या, याचा राग वेगळाच.

त्याचा एकच गुण मी तेव्हा कबूल करत होतो. माझ्या म्हाताऱ्या वडिलांना, म्हणजे आबांना, तो दर शनिवारी मोटारसायकलवर बसवून पिंगळीला न्यायचा. तिथे कुणी गुडघे शेकून देतो म्हणे. आबा परतायचे ते एकदम खुशीत, धोतराला धुराचा वास घेऊन. मी भोळासांब. दर शनिवारी साडूला आल्याचा चहा पाजला!

मग हंगामाचा सण आला. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर अजून व्हायचं होतं. या सणाला आमच्यात ज्याने त्याने आपल्या कष्टाचं पहिलं फळ देवापुढच्या टेबलावर ठेवायचं. कुणाची ज्वारीची कणसं, कुणाचा भोपळा, कुणाची कोंबडी. उपासना झाली की त्यांचा लिलाव होतो. साडूने भोपळा आणि कोंबडी यांच्या मधोमध आपली कॅसेट ठेवली. कमिटीतले एक पंच ताडकन उठले. "ऐकल्याबिगर देवापुढं काई ठिवता येणार न्हाई!" टेप आणला गेला. गिटार गुरगुरली, साडू गर्जला, कोंबडी बांधल्या पायांनी हातभर उडाली. मी मनात म्हटलं, बरी जिरली! आणि तेवढ्यात हलगी वाजली.

सगळ्या चर्चच्या माना टेपकडे वळल्या. आमच्याकडे हलगीला मनाई कुठे लिहिलेली नाही. लिहायची गरजच पडली नव्हती. तिथल्या निम्म्या घरांतल्या म्हाताऱ्यांनी गावात ती पाटलाच्या बैलांपुढे, परक्यांच्या मयतीपुढे, हाक आली की निमूट वाजवली होती, आणि एक दिवस वेशीबाहेर टाकून शहर गाठलं होतं. आबांनीही. मी पेटी शिकलो तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. पण मी बाकावरून अर्धा उठलो तो वेगळ्याच कारणाने. त्या हलगीवर डाव्या हातातली बारीक काडी किंचित उशिरा पडत होती. त्या तालावर मी लहानपणी झोपलेला आहे. हलगी आगीवर शेकल्याशिवाय बोलत नाही. धोतराच्या धुराचा अर्थ मला त्या बाकावर कळला.

"उचला ते!" पंच ओरडले. "आपुन जे टाकून आलो ते देवाच्या घरात आणायला लाज वाटंना?" भर पावसात खांबावर चढणारा माझा साडू खाली मान घालून पुढे झाला. टेप बंद करून त्याने कॅसेट काढायला हात घातला.

"ऱ्हाऊ द्या, पाव्हणं." आबा काठी टेकत उभे राहिले होते. "ती माझीबी हाय." मग उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांकडे वळून म्हणाले, "साहेब, मला शेत न्हाई. दरसाल भोपळा ठिवतो, त्यो बाजारातला. हे माझ्या हातचं हाय. तवा बोलावलं की वाजवावी लागायची. आवंदा माझ्या मनानं वाजवली."

पाळकसाहेबांनी टेपातली कॅसेट स्वतः काढून पुन्हा भोपळ्याशेजारी ठेवली. ती तिथेच राहिली. लिलावात ती मी घेतली, रागारागानेच.

आता आबा नाहीत. साडूला कमी ऐकू येतं, आणि त्यात नवल ते काय! फीत तुटली की तोच येऊन जोडतो, टेपवर हात ठेवून विचारतो, "हलगी आली का, मास्तर?" त्याचं गुरगुरणं असेपर्यंत मी कानांत बोटं घालून बसतो. हलगी आली की काढतो.

आबांशी मी त्या शनिवारांवरून एकदा कडाकडा भांडलो होतो. कव्वाल चालला, तांड्यावरच्या बायका चालल्या, आणि पोटचा पोरगा, तोही पेटी वाजवणारा, तेवढाच नको झाला? एका तरी शनिवारी मला न्यायचं होतं!

आबा म्हणाले होते, "तू चिडला असता."

चिडलो असतो, खरंच आहे ते. पण पेटी घेऊन आलो असतो हो, आबा.