इक्बालमामूंच्या फळीवरची क्रीम

डब्या भरायला आम्हाला अख्खा दिवस लागतो. किस्से मात्र क्रीम निवायच्या आत तयार! आमच्या गावातल्या शुक्रवार पेठेत शबानाच्या घरी, मागच्या खोलीत आम्ही दोघी डाळिंबाच्या बियांच्या तेलाची क्रीम करतो. बी.एस्सी. झालो तेव्हाच ठरवलं, जे घालू ते डबीवर छापू. तेव्हापासून जिवाला स्वस्थता म्हणून नाही.

*

तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत. त्यांना बांधून ठेवायला ऑलिव्हच्या तेलापासून केलेलं, मेणासारखं इमल्सिफायर लागतं. नाव सिटेरिल ऑलिव्हेट. ते वितळवायचं, तेल-पाणी त्यात एक करायचं आणि निवेपर्यंत ढवळायचं. हे ‘निवेपर्यंत’ माझ्याच्यानं होत नाही! सारखी बोट घालून बघते.

शेवटी शबानाची अम्मी ओरडली, "तुझ्या हातची बिर्याणी खाणाऱ्याच्या नशिबात कच्चाच तांदूळ गं!"

*

बचत गटांच्या प्रदर्शनात मंगळवेढ्याच्या एक मावशी आल्या. ज्वारी काढून हात चिरलेले. लेकीनं डबीवरचं ‘सिटेरिल ऑलिव्हेट’ वाचून दाखवलं.

"म्हंजी केमिकल हाय की!"

"मावशी, झाडापासूनच केलंय. आणि तसं म्हटलं तर पाणीसुद्धा केमिकलच!"

मावशींनी डबी खाली ठेवली. "मग पाणी तरी कशाला घातलंस, बाई?"

*

इक्बालमामू म्हणजे शबानाचे मामा. त्यांचं कॉस्मेटिक्सचं दुकान. तिथली एक फळी मिळाली नाही तर क्रीम बंद आणि मी पुण्याला नोकरीला, असं घरच्यांनी बजावलेलं.

मामू म्हणाले, "वो केमिकलवालं नाव खोड, फळी तुझी."

"लपवाछपवी करणार नाही!"

"मग घालूच नको ना, बेटा!"

शबाना पुटपुटली, "हिच्यापेक्षा तेल-पाणी लवकर ऐकतं."

*

मी चिडले! इमल्सिफायर न घालता काचेच्या बाटल्या भरल्या. वर तेल, खाली पाणी. नेऊन मामूंच्या काउंटरवर ठेवल्या.

"घ्या, तुमचं शुद्ध! शेजारी आमची क्रीम मांडा, नावासकट. लोकांना फरक कळू दे. जे खपेल ते फळीवर!"

मामूंनी बाटली उलटी केली, सुलटी केली आणि दोन्ही मांडलं.

आठवडा कसा काढला, माझं मला माहीत. शनिवारी मामूंचा फोन.

"बेटा, वो हलवून लावायचा बाटलीतला माल सगळा गेला. अजून पाठव."

"आणि क्रीम?"

"ती हाय की तशीच. बायका विचारतात, यातलं तेल-पाणी वेगळं का दिसत नाही? भेसळ हाय का?"