धुक्यात ऐकू आलेले किताब

माझे यजमान चाकूर तालुक्यातल्या एका लहानशा मंडळीचे पाळक होते. तीस वर्षं त्यांनी उपदेश केला आणि मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलं. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी त्यांना विसर पडू लागला. आधी वस्तू, मग रस्ते, मग ओळखीची माणसं. तेही मी सोसत होते. पण एका सकाळी मी नाताळाआधीच्या माझ्या भाषणाची टिपणं काढत बसले होते, तेव्हा त्यांनी कागदावर वाकून पाहिलं आणि अगदी सहज विचारलं, "हा ख्रिस्त कोण गं?"

भाषणाचा विषय होता प्रभूचे किताब, आणि तो विषय मूळचा त्यांचाच. ते नेहमी सांगायचे, येशू हे नाव आहे, ख्रिस्त हे नाव नव्हे, तो किताब आहे. जुन्या काळी राजाच्या किंवा याजकाच्या मस्तकावर तेल ओतून त्याला देवाच्या कामासाठी वेगळं काढत. तो अभिषिक्त. इब्री भाषेत तोच मशीहा, आणि ग्रीक भाषेत ख्रिस्त. मग आवाज खाली आणून म्हणायचे, "आपल्या राजाला मात्र कुण्या मोठ्या याजकानं तेल ओतलं नाही. मरणाच्या तोंडावर एका बाईनं ओतलं." हे ज्यानं मला शिकवलं, त्याच्याच डोक्यातून ते पुसलं गेलं. मग ते खरं होतं तरी का, असं मनात येऊ लागलं. मी प्रार्थनेला बसायची, पण कुणी ऐकतंय असं वाटायचं नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही. पाळकाच्या बायकोनं ते कुणाला सांगायचं?

डिसेंबरात हवापालट म्हणून त्यांना घेऊन मी नणंदेकडे गेले. तिचं घर इस्लापूरच्या पुढे, सहस्रकुंड धबधब्याच्या अलीकडे शेतात आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवायला आत गेले आणि बाहेर आले तर ओसरीवरची बाज रिकामी. अंगणाच्या पलीकडे काहीच दिसत नव्हतं. पैनगंगेवरून असं धुकं चढलं होतं, की दहा पावलांवरची तूर दिसेना. नणंद म्हणाली, "वहिनी, तुमी इथंच थांबा, मी सडकेकडं बघून येते." मला थांबवेना. मी नदीकडच्या वाटेला लागले.

हाका मारल्या तर माझाच आवाज तोंडापाशी विरत होता. पाखरू नाही, गुरांच्या घंटा नाहीत. कुंड इतकं जवळ असून पाण्याचाही आवाज येत नव्हता. हिवाळ्यात धार बारीक होते खरी, पण एवढी शांतता मी तिथं कधी अनुभवली नव्हती. आणि त्या शांततेत मला त्यांचा आवाज आला.

"दाविदाचा पुत्र," ते म्हणाले. मग थांबले. कुणीतरी पुढचा प्रश्न विचारावा, एवढाच वेळ गेला. "देवाचा कोकरा." पुन्हा तेवढीच शांतता. "शांतीचा अधिपती." मुलांना शिकवताना असायचा तसाच तो स्वच्छ, भरदार आवाज. वर्षभरात मी तो ऐकला नव्हता. प्रश्न विचारणारं मात्र ऐकू येत नव्हतं. मी आवाजाच्या रोखानं जाऊ लागले, तर तो डावीकडून आला. तिकडे वळले, तर समोरून. पायाखालची माती जाऊन ओला काळा खडक कधी आला ते मला कळलं नाही. मी पाऊल उचललं आणि अगदी पाठीशी, मानेजवळ बोलल्यासारखं ऐकू आलं, "मेंढपाळ."

मी जागीच थिजले. धुकं जरा हललं. माझ्यापुढे दोन पावलांवर खडक संपला होता, आणि खाली, खूप खाली, पाणी पांढरं होत होतं.

कशी मागे फिरले ते आठवत नाही. वीसेक पावलांवर करंजाच्या झाडाखाली ते मांडी घालून बसले होते, शांत. मानेजवळ बोलणारे ते नव्हते, एवढं तर दिसतच होतं. मी त्यांना जवळ घेतलं तर माझे हात चिकट झाले. त्यांचे केस तेलानं निथळत होते. कपाळावरून ओघळ सदऱ्याच्या कॉलरपर्यंत आला होता. तिळाच्या ताज्या तेलाचा वास येत होता.

"अहो, हे कुणी लावलं?"

"त्या बाईनं," ते म्हणाले. "म्हणाली, तुमची बायको धुक्यात यायलीय, तुम्ही सांगत राहा."

तेवढ्यात शेळ्या घेऊन एक म्हातारे मुसलमान गृहस्थ धुक्यातून आले. मी विचारलं, "चाचा, इथं कुणी बाई पाहिली का?"

"पाह्यली न्हाई," ते म्हणाले. "पण मघापासून दोघं बोलून राहिले होते. बाई इचारत होती, हे सांगत होते. मले वाटलं तुमीच हाव." मग यजमानांच्या डोक्याकडे पाहून म्हणाले, "कायचे नावं घेत होते हे?"

"आमच्या मसीहाची," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "आमच्यातबी मसीहच म्हणतेत ईसाले. नमाजाआधी वला हात डोस्क्यावरून फिरवतो ना आमी, त्याले मसह म्हणतेत. मौलवी सांगायचे, शब्द तिथलाच हाय. ज्याचा हात फिरला का दुखणं जायचं, तो मसीह."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी आसपासच्या घरांत विचारलं. तेल घेऊन नदीवर गेलेली बाई कुणाला माहीत नव्हती. असेलही कुणी वाटसरू. मी त्यावर वाद घालत नाही. सदरा धुतला, तरी तो वास बरेच दिवस राहिला, एवढंच सांगते.

ते बरे झाले नाहीत. त्या सकाळनंतर एकही किताब त्यांना पुन्हा आठवला नाही. चर्चमध्ये त्या भाषणाला मी टिपणं न घेता उभी राहिले आणि म्हटलं, हे किताब म्हणजे प्रभूच्या मोठेपणाची पाटी आहे असं मी इतकी वर्षं शिकवलं. पण त्यांतला प्रत्येक किताब आपल्यासाठी काही करतो. कुणी हाकारतो, कुणी अडवतो, कुणी डोक्यावरून हात फिरवतो. आपण विसरलो म्हणून त्याचं काम थांबत नाही.

शेवटच्या महिन्यांत ते मला "तुम्ही कोण?" असं विचारत. पहिल्यांदा मी नाव सांगितलं, लग्नाची आठवण दिली, रडलेही. मग एके दिवशी इम्मानुएल या प्रभूच्या किताबाचा अर्थ मनात आला, देव आपल्यासोबत, आणि मी सगळं सांगणं सोडून दिलं.

"मी तुमच्यासोबत आहे," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.