किल्ली फिरते, गाडी सुरू होत नाही

माझ्या सासऱ्यांइतका हट्टी माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही, आणि माझ्या नवऱ्याइतका भित्रा तर नाहीच नाही. या दोघांच्या कात्रीत मी सापडले.

सासरे, म्हणजे आमचे अण्णा, आयुष्यभर बस चालवत होते. गाडीच्या आवाजाचा त्यांना भारी नाद. शेजारच्या कुणाची गाडी जरा करकरली की हे खिडकीतून ओरडणार, "अरे, पट्टा सैल झालाय!" आणि तो खरंच सैल निघायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःची छोटी गाडी घेतली. सकाळी उठून तिला पुसायचं, बाजारात जायचं, वाटेत कुणी ओळखीचं दिसलं की त्याला घरी सोडायचं, मग तो नको नको का म्हणेना. गल्लीतल्या निम्म्या लोकांना गाडी यांनीच शिकवली, तीही शिव्या घालत.

मग डोळ्यांचं सुरू झालं. काचबिंदू. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता गाडी बंद. अण्णांनी मान डोलावली आणि दवाखान्यातून घरी गाडी स्वतःच चालवत आणली! मी शेजारी जीव मुठीत धरून बसलेले. पुढे थोड्याच दिवसांत बाजूने येणारी सायकलवाली त्यांना दिसलीच नाही. बाई पडली, कोपर सोलवटलं, नशिबाने वाचली.

"मध्ये आली ती," अण्णा म्हणाले.

"अण्णा, उद्या एखादं लहान पोर मध्ये येईल," मी म्हटलं. तर पेपर उघडून बसले. किल्ली मागितली तर खिशावर हात. झोपताना ती उशीखाली.

आता नवऱ्याचं ऐका. त्याचं किल्ल्यांचं दुकान आहे, दुपारी मीही तिथे बसते. हल्लीच्या गाडीची किल्ली म्हणजे नुसतं लोखंड नसतं, हे लोकांना सांगून सांगून आमच्या तोंडाला फेस येतो. तिच्या प्लास्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. किल्ली लावली की गाडी त्या चिपला नंबर विचारते. ओळखीचा निघाला तर ठीक, नाहीतर किल्ली फिरली तरी इंजिन चालत नाही. पूर्वी चोर दोन तारा जोडून गाडी पळवायचे, त्यांची आता डाळ शिजत नाही. कुठली किल्ली ओळखायची हे गाडीला मशीन लावून शिकवता येतं. आणि विसरायलाही लावता येतं.

एका सकाळी अण्णा आंघोळीला गेले आणि हा शहाणा दुकानात ठेवलेली जादा किल्ली घेऊन गाडीत जाऊन बसला. मशीन लावलं, गाडीच्या आठवणीतल्या सगळ्या किल्ल्या पुसल्या आणि ती जादा किल्ली तेवढी परत शिकवली. म्हणजे अण्णांच्या किल्लीने दार उघडणार, किल्ली फिरणार, इंजिन क्षणभर घुरघुरणार आणि बंद पडणार.

"अरे, वडील आहेत ते तुझे! तोंडावर सांग ना," मी कडाडले.

"घर डोक्यावर घेतील."

"घेऊ देत."

"मग तू सांग."

वा रे वा! करणार हा आणि निस्तरणार मी? मी साफ नाही म्हटलं. बिचाऱ्या सायकलवालीचं कोपर आठवून गप्प बसले, एवढंच.

त्या दिवसापासून घरात वैताग नुसता. अण्णांनी बॅटरी बदलली. प्लग काढून घासले. पेट्रोलचा पंप गेला म्हणून ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याला माझ्या नवऱ्याने आधीच पढवून ठेवलेलं, तो नुसतं डोकं खाजवत "बघू, बघू" करत निघून गेला. अण्णा रोज सकाळी गाडीत बसायचे, किल्ली फिरवायचे, कान लावून ऐकायचे. मी वर गॅलरीत कपडे वाळत घालताना दात-ओठ खायची, एकदा बापावर, एकदा लेकावर.

आणि मग एक दिवस जेवताना अण्णा हळूच म्हणाले, "गाडीत काही नाही गं. माझंच चुकतंय. क्लच नीट दाबला जात नाही बहुतेक. पायातलं बळ गेलं." हा माणूस स्वतःची चूक कधी कबूल न करणारा! त्या दिवशी नवऱ्याला मी धारेवर धरलं. "उद्या सांगतो," म्हणाला. त्याचा उद्या काही उजाडेना.

शेवटी अण्णाच दुकानात आले. आतल्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "तुझ्या मशीनवर बिघाड दिसतो म्हणतात. लावून बघ की एकदा."

नवरा खण उघडून मशीन शोधल्यासारखं करू लागला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याने दुसरीकडून नवी किल्ली करून घेतली होती, आणि आता घरात ठेवलेली जुनी चालेना.

"क्षणभर चालू होते आणि बंद पडते, हो ना?" नवरा उत्साहात म्हणाला. कामाचा विषय निघाला की याला जगाचं भान राहत नाही. "किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकतो?"

"अगदी!"

मी खाकरले. मी डोळे वटारले. मी काउंटरखालून लाथसुद्धा मारली.

"बिघाड काही नाही हो. नवी शिकवताना त्यांनी सगळ्या पुसल्या, ही तेव्हा घरी राहिली. एकदा पुसली की सख्खा मालक बसला तरी गाडीच्या लेखी चोरच. बॅटरी बदला, पंप बदला, उपयोग शून्य!"

गिऱ्हाईक समाधानाने गाडी आणायला गेलं. मग नवऱ्याच्या लक्षात आलं. इतके दिवस बापाला जे सांगता आलं नाही, ते याने परक्याला घडाघडा सांगितलं होतं, बापाच्या देखत!

अण्णांनी खिशातून किल्ली काढून पालथी-उलथी करून बघितली.

"म्हणजे क्लच बरोबर दाबत होतो मी," ते म्हणाले.

"अण्णा, तुमच्या डोळ्यांमुळे... कुणाचा जीव गेला असता," नवरा कसंबसं बोलला.

"गेला असता. तू सांगितलं असतंस तर मी ऐकलंही नसतं." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. "पण तुझ्याशी भांडलो तरी असतो रे. इतके दिवस मी माझ्याशीच भांडत बसलो."