माणसं किती, ते आधी सांग

पेणला रामवाडीत हायवेच्या कडेला आप्पांचं हवा-पंक्चरचं दुकान होतं. तिथे हवेबरोबर अपमानही मिळायचा. गाडी येऊन लागली तरी आप्पा उठायचे नाहीत. बसल्या जागेवरून विचारायचे, "माणसं किती?" गिऱ्हाईक ऐटीत म्हणायचं, "पस्तीस भरा." आप्पा म्हणायचे, "तुझं वय नाय विचारलं. गाडीत बसणार किती, ते सांग. सामान किती, जायचं कुठं, ते सांग. मग आकडा मी सांगतो." पुष्कळ लोकांना हे झोंबायचं. चाकात हवा भरायला आलो की पोलीस चौकीत, असं पुटपुटत ते पुढच्या पंपावर जायचे. आप्पा त्यांच्या मागच्या टायरकडे बघत म्हणायचे, "जा, जा. वडखळपर्यंत तरी पोच."

माझं माहेर तिथून चार घरं सोडून. माझ्या पहिल्या सायकलीची हवा आप्पांनीच भरली आणि तेव्हाही दप्तर हातात घेऊन वजन बघितलं होतं. त्यांचे वडील धरमतरच्या बाजूला मिठागरावर कामाला होते. आप्पांनी हात बसवला तो मिठाच्या ट्रकांच्या टायरांवर. मीठ भरलेला ट्रक आणि रिकामा ट्रक एका हवेवर चालत नाही, हे ते दहाव्या वर्षी शिकले म्हणे. आपल्या लोकांना गाडी आल्यावर तीस वर्षांनीही ते कळत नाही, हा त्यांचा कायमचा संताप होता. खरं सांगायचं तर माझाही आहे.

कारण आपल्याकडे मोठी गाडी घेतात ती माणसं कोंबायला आणि फोटो काढायला. टायर ही वस्तू तिला असते हे पंक्चर झाल्यावर आठवतं. मग कोणीतरी शहाणा खाली उतरतो, टायरला एक लाथ हाणतो आणि "आहे, आहे, भरपूर आहे" असा निकाल देतो. अशा एकाला आप्पांनी माझ्यासमोर विचारलं होतं, "पोराला ताप आला तर त्याला पण लाथ मारून बघतोस काय रं?" डोलवीच्या लोखंडाच्या कंपनीतला एक इंजिनीअर साहेब नायट्रोजनशिवाय दुसरं काही भरत नसे आणि ते चारचौघांत सांगत असे. आप्पांनी त्याला शांतपणे सांगितलं, आपण नाकानं घेतो त्या हवेत बहुतेक तोच भरलेला हाय, जन्मापासून घेताय, काय फरक पडला? साहेब पुन्हा आला नाही. आप्पांना त्याचं काही वाटलं नाही. लोखंड वितळवणाऱ्याला हवेचं काय कळणार, एवढंच म्हणाले.

लग्न होऊन मी रोह्याला गेले आणि अशा शहाण्यांच्या घरातच पडले. आमची सात माणसांची गाडी. ती आली तेव्हा नवरा डोलवीला शिफ्टमध्ये, दीर कॉलेजात, आणि सासऱ्यांना गाडी चालवता येत नाही. चालवणं सोडून गाडीतलं बाकी सगळं मात्र त्यांना कळतं. हवा टणक असली की अ‍ॅव्हरेज चांगलं पडतं, हे त्यांचं ठाम मत. हे त्यांना कोणी सांगितलं, देव जाणे. मी लग्नाआधीच ड्रायव्हिंग शिकले होते, तरी त्या गाडीची चावी माझ्या हातात यायला दोन वर्षं लागली. आधी बाजारापर्यंत, मग स्टेशनपर्यंत, मग पेणपर्यंत. चावी देताना सासरे अशी द्यायचे की जणू मी ती परत आणणारच नाही.

ती गाडी घेऊन मी पहिल्यांदा आप्पांकडे गेले तेव्हा त्यांनी ड्रायव्हरचा दरवाजा उघडला आणि चौकटीवर बघून कपाळाला हात लावला. कंपनी तिथे एक कागद चिकटवते. कमी माणसं असली तर किती हवा, गाडी भरलेली असली तर पुढे किती, मागे किती, असे आकडे त्यावर असतात. आमच्या गाडीला तो कागद दिसत नव्हता. पूजेच्या दिवशी सासऱ्यांनी नेमका त्याच्यावर गजाननाचा स्टिकर लावला होता, चांगला तळहाताएवढा. आप्पा म्हणाले, "तो विघ्नहर्ता खरा गो, पण त्याला कशाला हवेच्या कामाला लावलास?" मग स्वतःच नखाने हळूहळू सोडवून त्यांनी तो समोर डॅशबोर्डवर बसवला, नमस्कार केला आणि मला आकडे वाचायला लावले. कमी माणसांना बत्तीस. भरलेल्या गाडीला मागे अडतीस. "पाठ कर," म्हणाले. "घरी कोण काय बोलला तरी हेच. आणि हवा भरायची ती टायर गार असताना." घरी गेल्यावर देवाची जागा बदलली म्हणून मला अर्धा तास ऐकावं लागलं.

आता तीन वर्षांपूर्वीच्या गणपतीची गोष्ट. आमची मूर्ती दरवर्षी पेणहून येते, शाडूची, दोन फुटांची, जड. त्या वर्षी नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, दिराला अजून गाडी येत नव्हती आणि देव आणायचं काम माझ्यावर आलं. घरात दोन दिवस कुजबुज चालली होती. बाईमाणसाने देवाची गाडी चालवायची का, आणि मूर्तीला काही झालं तर काय. सासूबाईंनी स्पष्टच सांगितलं, "काही मोडलं-बिडलं तर या घरात पुन्हा स्टेरिंगला हात लावायचा नाही." मी हो म्हटलं. नाही म्हणायची सोय नव्हती. गेलो आम्ही सहा जण, कारण देव आणायला जायचं म्हटलं की आमच्याकडे कोणी घरी राहत नाही.

मूर्ती गाडीत ठेवायच्या आधी मी गाडी आप्पांच्या दारात नेली. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी सांगितलं, सहा माणसं आणि गणपती. आप्पांनी आमच्या सगळ्यांना एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. म्हणाले, "सहा माणसांना हवा जास्त लागते. हवा जास्त म्हणजे गाडी उडते. माणसं उडाली तर बोंबलतात, देव बोंबलत नाय, मोडतो. देव न्यायचा तर माणसं उतरवा." सासरे म्हणाले, "असं कसं उतरवायचं?" आप्पा म्हणाले, "दरवाजा उघडायचा." शेवटी दीर आणि चुलत सासरे-सासू तोंडं वाकडी करून एसटी स्टँडवर गेले. गाडीत राहिलो मी, सासू-सासरे आणि मागे पेंढ्यात बसवायचा देव. आप्पांनी टायर गार होऊ दिले, मग चारही चाकांना बत्तीस भरली, दोनदा तपासली आणि म्हणाले, "आता रोह्यापर्यंत कोणाला हात लावू देऊ नको."

मूर्ती घेऊन निघालो, वडखळ गेलं, गाडी कशी लोण्यासारखी चालली होती. नागोठण्याला सासूबाईंना उतरायचं होतं म्हणून पंपावर थांबले आणि त्यांच्याबरोबर आत गेले. बाहेर येऊन बघते तर पंपावरचा माणूस हवेची नळी गुंडाळत होता आणि सासरे हात मागे बांधून मागच्या टायरकडे समाधानाने बघत होते. मला सगळं कळलं. मी काय केलं? काही नाही. मुकाट्याने बसले आणि गाडी सुरू केली. पहिल्याच गतिरोधकावर स्टेरिंग हाताला वेगळं लागलं, गाडीने टणकन उसळी घेतली. तरीही बोलले नाही. सासऱ्यांना कसं विचारायचं, हेच डोक्यात. रोह्याच्या रस्त्याला लागल्यावर पाण्याने भरलेला एक खड्डा आला, मी वेग अगदी कमी केला होता, तरी मागून आवाज आला. थांबून बघितलं तर आशीर्वादाच्या हाताची दोन बोटं पेंढ्यात पडली होती.

सासूबाई रडायला लागल्या. सासरे रस्त्याच्या कडेला उभे राहून म्हणाले, "तरी मी सांगत होतो." काय सांगत होते, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मग म्हणाले, देव जागेवर लागला की चावी माझ्याकडे द्यायची, पुढच्या वेळी माणूस बघू. प्रतिष्ठा दुसऱ्या दिवशी सकाळी होती. मूर्ती दुरुस्त करायला पेणलाच न्यायला हवी होती आणि न्यायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. ज्या सुनेला गाडी येत नाही असं ठरलं होतं, तिनेच गाडी वळवली. अख्ख्या रस्त्यात कोणी माझ्याशी एक शब्द बोललं नाही. मी तरी कुठे बोलले?

रामवाडी आल्यावर मी कोणाला न विचारता गाडी आप्पांकडे घेतली. सासऱ्यांनी खाली उतरून हकिकत सांगितली आणि शेवटी म्हणाले, "बायकांच्या हातात गाडी दिली की हेच व्हायचं."  आप्पांनी खिशातून हवा मोजायचा गेज काढला आणि मागच्या चाकाला लावला. बघितला. दुसऱ्या चाकाला लावला. मग उठून सासऱ्यांच्या समोर येऊन उभे राहिले.

"सत्तेचाळीस," ते म्हणाले. "मी बत्तीस सोडली होती. टायर गरम झाला की दोन-चार चढते. बाकीची कुणाच्या घरची?"

सासरे म्हणाले, लांबचा रस्ता, टणक बरी असते. आप्पा म्हणाले, "व्हय, बरी असते. मग तुमीच सांगा देवाला, कुणी मोडला ते."  सासरे मूर्ती घेऊन रिक्षाने, जिथून ती आणली त्या कारखान्यात गेले, सासूबाई बरोबर गेल्या. कारखान्यातल्या बाईंनी बोटं जोडून, रंग लावून संध्याकाळच्या आत मूर्ती दिली आणि म्हणाल्या, अजून प्राण कुठे भरलेत, अजून मातीच आहे, रडता कशाला. पण ते नंतर. त्याआधी आम्ही दोघंच होतो तेव्हा मला वाटलं, आप्पा आता माझी पाठ थोपटणार. ते हवा सोडत खाली बसले होते. वर न बघता म्हणाले, "तुला हाताला कळलं नाय?"

मी म्हटलं, कळलं.

"मग बोलली का नाय?"

"सासरे आहेत, आप्पा."

"खड्ड्याला माहीत हाय, ते तुझे कोण ते?"

मला भयंकर राग आला. म्हटलं, तुम्हाला बोलायला काय जातं, मला त्या घरात राहायचंय. आप्पा उठले, हात पुसले आणि म्हणाले, "स्टेरिंग तुझ्या हातात आणि तोंड सासऱ्याच्या हातात. तशी गाडी चालवू नको गो पोरी. ती चावी त्यांना देऊन टाक. आज बोटं गेली, उद्या माणूस जाईल, तवा पण सासरे हायत असंच सांगशील."  त्यानंतर सहा-आठ महिने मी त्यांच्याकडे गेले नाही. मनातल्या मनात त्यांना यथेच्छ शिव्या घातल्या. पण त्यांच्या बोलण्यातली एकही गोष्ट खोटी पाडता आली नाही, कारण गतिरोधकावर माझे हात काय म्हणाले होते ते मला माहीत होतं.

घरी चावी कोणी मागितली नाही. मोडण्याचं कारण म्हणून पाहुण्यांना रस्ता सांगण्यात आला, खड्डे सांगण्यात आले. हवेचं नाव कोणी काढलं नाही. आमच्या घरात चूक झाली की ती सरकारची असते. मी मात्र नंतर गाडी निघायच्या आधी गेज लावायला लागले, स्वतः विकत आणून. माणसं मोजायची, आकडा ठरवायचा आणि मोठ्याने सांगायचा.  सासरे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि दुसरीकडे बघायचे. आप्पांकडे पुन्हा जायला लागले तेव्हा ते सांगितलं, तर म्हणाले, "मग? मेडल देऊ?" त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी कोणाला मिळाली असेल, असं मला वाटत नाही.

यंदा उन्हाळ्यात आप्पा गेले. आजारी होते, हे मला ते गेल्यावर कळलं. दहाव्याला पेणला जायचं म्हणून मी सकाळी निघाले तर सासरे धुतलेला सदरा घालून गाडीपाशी उभे. येतो म्हणाले.  रोह्यातून बाहेर पडायच्या आधी पंपावर गाडी घेतली. हवावाला नळी घेऊन आला आणि सवयीने सासऱ्यांच्या खिडकीशी वाकून विचारायला लागला, किती भरू. सासऱ्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता पंचेचाळीस. पण ते माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "किती सांगू गो?"

"बत्तीस," मी म्हटलं. "दोघंच आहोत."

त्यांनी खिडकीतून बाहेर बघत हवावाल्याला बत्तीस सांगितलं, अगदी स्वतः ठरवल्यासारखं. मला हसू आलं आणि वाटलं, पेणला पोचल्या पोचल्या आधी हे आप्पांना सांगायचं. मग गाडी गियरमध्ये टाकताना लक्षात आलं, आपण कुणाच्या दहाव्याला चाललोय.