दारावरून जाणारं यान

सन २०२३. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि तोवर पुष्कळ खटपटी माणसं पाहून झाली होती. पण आमच्या व्याह्यांसारखा उपद्व्यापी माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांना दुसरा झाला नाही, होणारही नाही. मी चौथी नापास आहे, पण हे वाक्य कोणी खोडून दाखवावं.

नामपूरला जन्मभर कांद्याची आडत केलेला हा माणूस मुलाच्या नोकरीपायी नाशकात आला, आमच्याच गल्लीच्या आतल्या टोकाला राहिला आणि रिकामपणाने बिघडला. आधी त्यांनी गच्चीवर दुर्बीण लावली. समोरच्या बाईंनी आरडाओरडा केल्यावर ती आकाशाकडे वळवली. तिथे त्यांना शनी सापडला. झालं! माझ्या मुलीचा, म्हणजे त्यांच्या सुनेचा, टाकाऊ कॉम्प्युटर ताब्यात घेऊन ते शनीजवळून जाणाऱ्या यानाचा सिनेमा करायला बसले. एकेक चित्र रंगवताना तो कॉम्प्युटर असा तापायचा की विहीणबाई त्याच्या मागे पापड वाळवत. घरातला एकुलता पंखा कॉम्प्युटरला, आणि व्याही आपले पुठ्ठ्याने वारा घेत बसलेले. यानाला आवाज हवा म्हणून माझ्या पिठाच्या गिरणीत मोबाईल धरून उभे राहिले. गव्हापेक्षा बाजरीच्या दळणात यान जास्त शोभतं, असं त्यांचं मत पडलं.

शनी पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा मी लगेच म्हणालो, "व्याही, हा कांदा आहे."

"हाऊ ग्रह शे!"

"मग याला मोड कसा आला?"

त्यांनी पडद्याला नाक लावून पाहिलं. ग्रहाच्या पट्ट्यांसाठी त्यांनी खरोखरच कांद्याचा फोटो चिकटवला होता. भोवतीचं कडंही कांद्याच्या चकतीचंच. मोड पुसण्यात पुढचे कित्येक दिवस गेले.

पण खरं भांडण झालं ते यानावरून. यान आलं, शनीला घासून गेल्यासारखं गेलं आणि चालतं झालं.

"थांबलं नाही?" मी विचारलं.

"यान थांबस नही, व्याही. फोटू काढतं नि पुढं जातं."

"एवढ्या लांबून आलं, दारावरून गेलं, आणि आत डोकावलंसुद्धा नाही? आपल्यात याला काय म्हणतात?"

"आत जायला जमीनच नही तिथं. धूर शे नुसता."

"मग दारात उभं राहून पाणी तरी घ्यायचं!"

"शनीच्या घरचं पाणी कोन घेईल हो?"

यान थांबेपर्यंत तुमची पायरी चढणार नाही, असं मी ठणकावलं. विज्ञान व्याह्यांच्या मानपानावर चालत नाही, असं त्यांनी ठणकावलं. त्यानंतर दोन्ही घरांत फक्त डबे जात-येत राहिले, आणि ते नेणारी माझी मुलगी कपाळाला हात लावत राहिली.

गणपतीत कळलं की जावयाने नोकरी सोडली, सगळं बिऱ्हाड नामपूरला परत चाललंय. निघायच्या आदल्या संध्याकाळी गल्लीच्या गणपतीपुढे चादर बांधून सिनेमा दाखवायचा होता. मुलगी म्हणाली, "बाबा, उद्या सकाळी आम्ही निघतोय. आजही नाही येणार?"

मला एकच घोर होता. गल्लीबाहेर पडायची वाट माझ्या दारावरूनच जाते. हा माणूस उद्या गाडीतून न उतरता गेला, तर?

गणपती रस्त्यावर होता, कुणाची पायरी चढायची नव्हती. म्हणून गेलो.

चादरीवर शनी आला. बाजरी दळत यान आलं. थांबलं नाहीच, पण शनीसमोर जरासं मंदावलं, पुढून वाकलं, जसा घाईतला पाहुणा चपला न काढता उंबऱ्याशी वाकून 'येतो हां' म्हणतो तसं, आणि मग गेलं. सगळी गल्ली हसली. मी नाही हसलो.

शेजारी उभे व्याही चादरीवरची नजर न काढता हळूच म्हणाले, "थांबलं तर पडी जाई हो. इतकंच जमलं."

मी प्रसाद घेतला आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी निघायच्या आधी मी फाटक सताड उघडलं, रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकली आणि चहाची किटली मांडीवर घेऊन बसलो.