दारामागे राहिलेली रेघ

बुधवार, २० ऑगस्ट २०२५. पाऊस कालपासून सलग. धरण भरले, ओढ्याला वाट उरली नाही. पहाटे पाचला पायऱ्या सात उघड्या, सहाला पाच. साडेसहाला चार, बनाबाईंच्या ओट्यावर पाणी. सव्वासातला एक, त्यांच्या घरात पाणी, खिडकीच्या खालच्या गजापर्यंत. बनाबाई, दोन शेळ्या आणि गौरींचे मुखवटे आमच्याकडे सुखरूप. दुपारी चारनंतर पाणी उतरले. दूध आले नाही.

जमीलाभाभींची वही ही अशी. पुण्यातल्या कॉन्व्हेंटमध्ये वयाच्या अकराव्या वर्षी सिस्टरांनी सवय लावली होती: तारीख लिहा, हवा लिहा, घडलं ते लिहा, शेवटी घरातली एखादी साधी गोष्ट लिहा. आपल्याला काय वाटलं ते देवाला सांगा, वहीला नको. आता पंचाहत्तरी आली तरी मोडली नव्हती ती सवय.

पायऱ्यांची भर नवऱ्याची, याकूबसाहेबांची. ते धरणावर पाणी मोजायच्या कामाला होते. निवृत्तीनंतर भोरहून दूर, धरणाच्या अडलेल्या पाण्याच्या फुगवट्याला लागून त्यांनी घर बांधलं, अंगणापासून ओढ्यापर्यंत अकरा दगडी पायऱ्या घातल्या आणि रोज सकाळी किती पाण्याबाहेर उघड्या आहेत ते बायकोला ओरडून सांगायला लागले. ती लिहायची. ज्या दिवशी ते गेले, त्या दिवशीच्या पानावरही आहे: पाऊस नाही, पायऱ्या सात, एक लिटर दूध परत केले. त्यानंतर पायऱ्या मोजायला भाभी स्वतः जाऊ लागल्या.

शेजारचं घर बनाबाईंचं. जरा उताराला, ओढ्याकडे तोंड करून. मुलानं, कुमारनं, चार वर्षांपूर्वी विटांचं पक्कं बांधलं. बँकेनं तेव्हाच घराचा आणि सामानाचा विमा काढायला लावला. बनाबाईंना तो कागद अपशकुनी वाटला होता. "विमा म्हंजे माणूस गेल्यावर मिळतो त्यो," त्या म्हणाल्या होत्या. "आता घराचा बी काढला? घर काय मरतंय व्हय?"

पाण्यानं ओढ्याकडची भिंत चिरली, स्वयंपाकघराची फरशी खचली. कुमार नसरापूरला टेम्पो चालवतो; त्यानं फोनवर सरळ सांगितलं, "आये, विम्याचं मिळालं तर भिंत नवी घालू. न्हाई मिळालं तर घराला कुलूप. तू हितं ये माझ्या खोलीवर. पुढच्या पावसात तुला एकटीला तिथं ठेवणार न्हाई म्या."

बनाबाई हसून म्हणाल्या, "बघू." पण संध्याकाळी भाभींच्या ओसरीवर येऊन त्या बराच वेळ नुसत्याच शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.  बावीस वर्षं सकाळचा पहिला आवाज त्यांना बनाबाईंच्या बादलीचा ऐकू येत होता.

मग कुमारचा पुन्हा फोन आला. सोमवारी विमा कंपनीकडून बाई येणार होती, घर बघायला.

आता आपल्याकडे घर बघायला कुणी येणार म्हटल्यावर बाईमाणूस काय करतं? त्यातून बुधवारी गणपती आणि रविवारी गौरी. बनाबाईंनी शनिवार-रविवार पदर खोचून काढला. गाळ उपसला, भिंती घासून धुतल्या, वरून चुन्याचे दोन हात मारले. भिंतीतली चीर सिमेंटनं बुजवली. फुगलेलं कपाट फोडून चुलीत घातलं, कुजलेलं धान्य लांब नेऊन टाकलं. अंगण शेणानं सारवलं, त्यावर रांगोळी.

भाभी रविवारी दुपारी पाहायला गेल्या आणि दारातच थबकल्या.

"काय भाभी, कसं दिसतंय?" बनाबाईंनी विचारलं.

"छान दिसतंय," भाभी म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? 

सोमवारी अकराला ती आली, तेव्हा भाभीही बनाबाईंकडेच होत्या. सोनिया नाव, पाठीवर पिशवी, चिखलानं भरलेले बूट बाहेर काढून आत. तिनं चारी भिंती पाहिल्या, मोबाईलवरची, कुमारनं पाठवलेली नुकसानीची यादी पाहिली, पुन्हा भिंती पाहिल्या.

"मावशी, पाणी याच घरात शिरलं होतं ना?"

"मग काय शेजारच्या गावात? हितं, हितं, समदीकडं!"

"खूण कुठाय?"

"कसली खूण?"

"पाण्याची. गाळाची रेघ. भिजलेलं सामान. चीर म्हणून लिहिलंय, ती कुठाय?"

"बुजवली की!" बनाबाई अभिमानानं म्हणाल्या. "तुमी येणार म्हणून समदं निर्मळ केलं. दोन दिस पाठ न्हाई टेकली बघा."

सोनिया खाली बसली. "मावशी, फोटो तरी?"

"लाईट न्हवती, कुमारला रस्ता बंद. शेळ्या उचलू का फोटू काढू?"

"मला दिसतं तेच मला लिहावं लागतं," सोनिया हळूच म्हणाली.

आपण काय करून बसलो ते बनाबाईंच्या तेव्हा ध्यानात आलं.  मग त्या भाभींकडे वळल्या. "भाभी, तुमच्या वहीत असंल की! तुमी तर घटका-घटका लिवता. आणा की ती."

भाभी उठल्या नाहीत. वहीत पाणी होतं, तसंच आणखी एक होतं. बारा जुलैचं पान त्यांना पाठ होतं: बनाबाईंचा फ्रीज बंद पडला, दुरुस्तीवाला म्हणाला आता होणार नाही, दही आमच्याकडे आणले. आणि कुमारच्या यादीत फ्रीज होता. पाण्यात खराब झाला म्हणून. बनाबाईंच्या फोनवर आलेल्या त्या यादीत भाभींनी तो सकाळीच वाचला होता. एक पान दाखवून दुसरं झाकता आलं असतं. पण तशी वही दाखवण्यापेक्षा न दाखवलेली बरी, आणि न दाखवावी तर उद्यापासून ही बादली वाजणार नाही.

त्यांनी बनाबाईंना चुलीपाशी नेलं. "बनाबाई, वहीत तुमचा फ्रीजही आहे. जुलैमधला. विम्याची बाई मागची पानं चाळणार."

 बनाबाई कपाळावर हात मारून एवढ्यानं हसल्या की सोनिया वळून बघू लागली. "अगं बाई! त्यो मेला तर कवाच मेलाय! पाण्यानं न्हाई मारला त्याला. कुमारनं घुसडलाय." त्या तरातरा सोनियापाशी गेल्या. "बाई, तेवढा फ्रीज खोडा. त्यो आदीच गेला हुता. पण पाणी खरं हाय माझं. भाभी, आणा वही."

सोनियानं फ्रीज खोडला. वही मात्र तिनं सावकाश वाचली, विसाव्या तारखेचं पान आणि मागची जुलैमधलीही. बारा जुलैपाशी ती थांबली, दोघींकडे बघून हसली. मग टेप काढून तिनं खिडकीचा खालचा गज मोजला: फरशीपासून अडीच फूट. तोच टेप धरून ती भिंतीभिंतीनं फिरली. सगळीकडे पांढरा चुना. शेवटी स्वयंपाकघराचं दार. ते सदा उघडं, ओढ्याकडच्या भिंतीला टेकलेलं. ये-जा चालू म्हणून बनाबाईंनी ते कामातही लावलं नव्हतं. सोनियानं ते ओढून लावलं.

दारामागे चुना नव्हता. अडीच फुटांवर गाळाची तपकिरी रेघ होती, सरळ, आणि तिच्याखाली चीर, जमिनीपर्यंत गेलेली.

"अगं आई गं!" बनाबाईंनी पदर तोंडाला लावला. "दारामागं राहिलंच! समद्या घराची लाज काढली. थांबा, आत्ता पुसते..."

"मावशी!" सोनियानं त्यांचा हात धरला. "हात लावायचा नाही!"

भाभी पहिल्यांदाच मोठ्यानं हसल्या. बनाबाईंना आधी कळेना, मग कळलं, आणि त्यांचे डोळे भरले. सोनियानं रेघेचे, चिरेचे, वहीच्या पानांचे फोटो घेतले. निघताना म्हणाली, "फ्रीजचं काही मिळणार नाही. भिंत आणि फरशी मी अहवालात लिहिते. निर्णय कंपनी घेणार, पण लिहायला आता माझ्याकडे काहीतरी आहे. आणि मावशी, गौरी झाल्या तरी ती भिंत तशीच ठेवा."

"गवरी बघतील की," बनाबाई कुरकुरल्या.

"गौरींनी पाणी बघितलंय," भाभी म्हणाल्या. "त्या समजून घेतील."

संध्याकाळी त्यांनी वही उघडली. सोमवार, २५ ऑगस्ट. ढगाळ, पाऊस नाही. पायऱ्या सहा उघड्या. विम्याच्या बाई आल्या होत्या. बनाबाईंचे दही आमच्या फ्रीजमध्ये, दुसऱ्या कप्प्यात. उद्यासाठी विरजण काढून ठेवले.