डोझरचं तेल अजून गळतंय

मंडळी, तुम्ही चार दिवस विचारताय आणि मी आज लिहितोय, माफ करा. मन ठिकाणावर नव्हतं.

माझ्या जुन्या चेनवाल्या डोझरच्या गिअरपेटीतून तेल गळत होतं. खूप शोधून एकच ऑइल सील मिळालं, ते आज सकाळी बसवलं. इंजिन सुरू केलं, आणि अर्ध्या तासात खाली कातळावर पुन्हा तेलाचं डबकं.

देवरुखहून आलेला बाबू मिस्त्री वर चढला आणि ओरडला, "नाना, हिचं नाक कोणी बांधलंय?"

मीच बांधलं होतं. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून हवा सुटायच्या नळीत चिंधी कोंबली होती, ती काढायची राहिली. आतला दाब वाढला आणि नवं सीलही फाटलं.

"मफलर तुम्ही बांधा हो, मशीनला कशाला?" बाबू म्हणाला. मला हसू आलं नाही.

मुलगा रविवारी मुंबईहून येतोय. तोवर डोझर चालला नाही तर भंगारात द्यायचा, असं त्याने ठरवलंय. चालेल असं मला वाटत नाही. तरी कुणाकडे जुनं सील पडलेलं असेल तर लवकर कळवा. नसेल तरी कळवा, म्हणजे मी वाट बघणं सोडतो.